शिस्त धरणे : वसईच्या तटापासून दुर्बिणीतील फुलीपर्यंत



वसईच्या किल्ल्याच्या तटावर उभे राहून उत्तरेकडे पाहिले, म्हणजे जी जमीन दिसते तिच्यावर १७३९ सालच्या फेब्रुवारीपासून मेपर्यंत चिमाजी अप्पांचे मोर्चे होते. बाकीच्या बाजूंना समुद्र आणि खाडी. किल्ला काही केल्या पडेना, तेव्हा अप्पा म्हणाले की मला तोफेच्या तोंडी द्या आणि माझे शिर तरी आत पडू द्या, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती खरी की खोटी ह्या वादात मी आज शिरणार नाही. तिच्यातली एक गोष्ट मात्र मला फार दिवस विचारात पाडीत आली आहे. तोफेतून गोळा आत जातो. पण तो आत नेमका कोठे पडेल, हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. तटावरच्या पोर्तुगीजाला नव्हते आणि खालच्या मराठ्यालाही नव्हते.

त्या वेढ्यातील बंदूक म्हणजे गुळगुळीत नळीची. गोळी नळीपेक्षा किंचित लहान, ती आत खडखडत जाणार आणि बाहेर पडताना ज्या कडेला शेवटचा धक्का बसेल त्याच्या उलट दिशेला वळणार. शंभर पावलांच्या आत माणूस टिपता येई. त्यापुढे गोळी लागली तर ती नशिबाने. तरीही माणसे पडतच होती. जानेवारीत तारापूरच्या चढाईत बाजी भीवराव गोळी लागून पडले. वसईच्या वेढ्यात किल्ल्याचा प्रमुख सिल्वेरा द मेनेझिस मारला गेला. पण ह्या गोळ्या जवळून किंवा गर्दीतून आलेल्या. चारशे पावलांवरचा एक माणूस निवडून त्याच्यावर नेम धरावा, ही कल्पना त्या बंदुकीला पेलणारी नव्हती.

मराठीत नेम धरण्याला जुना शब्द आहे ‘शिस्त धरणे’. फारसीतून आलेला. बंदुकीच्या नळीच्या टोकाशी जो बारीक मणी असतो त्याला ‘माशी’ म्हणत, आणि डोळा, माशी व निशाण एका रेषेत आणणे ही शिस्त. पुढे हाच शब्द आपण शाळेतल्या आणि गिरणीतल्या शिस्तीला लावला. माझे आयुष्य ज्या चळवळीत गेले तिच्यात दुसऱ्या अर्थाची शिस्त फार ऐकावी लागते, मालकाच्या तोंडून तर विशेषच! आज मी पहिल्या अर्थाविषयी बोलणार आहे.

वसई शेवटी घेतली ती बंदुकीने नव्हे, फावड्याने. बेलदारांनी आणि सुरुंगवाल्यांनी जमिनीखालून तटापर्यंत भुयारे नेली. वरून दगड, दारू आणि पेटते गोळे पडत असता अंधारात खोदत जायचे. आणि आपण बुरुजाच्या नेमके खाली आलो की चार हात अलीकडेच आहोत, हे अंदाजाने ठरवायचे. मेच्या मध्यावर सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले. पण एक सुरुंग उशिरा उडाला आणि खिंडारात चढणारी आपलीच माणसे त्यात गेली. १६ मे रोजी किल्ल्याने शरणागतीच्या अटी मान्य केल्या. विजयाचा दिवस आपण साजरा करतो, तो करावाच. पण त्या भुयारात ज्यांनी अंतर मोजले, त्यांतल्या एकाचेही नाव आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. लांबच्या वस्तूचे अंतर न चालता कसे मोजावे, हा त्या लढाईतला खरा अडलेला प्रश्न होता.

आणि गंमत पाहा, त्या प्रश्नाच्या उत्तराचे पहिले सूत्र त्याच्या शंभर वर्षे आधी एका इंग्रज तरुणाच्या हाती लागले होते. सूत्र हा शब्द मी येथे अक्षरशः वापरतो आहे, कारण ते कोळ्याच्या जाळ्याचे सूत होते.

यॉर्कशायरमधला विल्यम गॅस्कॉइन हा १६४० च्या सुमारास घरीच दुर्बिणींचे प्रयोग करीत असे. त्याच्या उघड्या राहिलेल्या उपकरणात एका कोळ्याने धागा ओढला. गॅस्कॉइनने भिंगातून पाहिले, तो दूरची वस्तू आणि तो धागा ही दोन्ही एकाच वेळी स्वच्छ दिसली. दुसरा कोणी असता तर फडके घेऊन त्याने नळी पुसली असती. ह्याने ओळखले की आकाशातल्या ताऱ्यावर आता बोट ठेवता येईल! पुढे इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटले, आणि १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत हा माणूस राजाच्या बाजूने लढताना मारला गेला. वय तिशीच्या थोडे पुढे. त्याची युक्ती बरीच वर्षे पत्रांतच पडून राहिली.

हे घडले कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याजवळचे भिंग खोलगट असते. तिच्या नळीत वस्तूची प्रतिमा कोठेच तयार होत नाही, म्हणून तिच्यात कोळ्याने कितीही जाळी विणली तरी उपयोग नाही. १६११ मध्ये केप्लरने दोन्ही भिंगे फुगीर घ्यावीत असे सुचविले. ह्या रचनेत नळीच्या आत एका ठरावीक जागी प्रतिमा उतरते, जणू एखादा न दिसणारा पडदाच तेथे लावलेला आहे. त्या पडद्याच्या जागी धागा ताणला की प्रतिमा आणि धागा यांना डोळा एकदमच पाहतो. साध्या बंदुकीत मागची खाच, पुढची माशी आणि दूरचे निशाण अशा तीन अंतरांवरच्या तीन वस्तू डोळ्याला सांभाळाव्या लागतात, आणि डोळा तर एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. चाळिशी लागलेल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. फुलीने तीन वस्तूंची एक केली. धागा मात्र त्या पडद्याच्या बरोबर जागी हवा. तो थोडा पुढेमागे असला, तर डोळा हलताच फुली निशाणावरून सरकते आणि नेम खोटा ठरतो.

ह्या फुलीला इंग्रजीत रेटिकल म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘लहान जाळे’. आपल्या कोळीवाड्यांतल्या मंडळींना तो आवडावा.

बंदुकीवर येण्याआधी ही फुली जमिनीच्या मोजणीत शिरली. आडव्या धाग्याच्या वर आणि खाली आणखी दोन धागे ताणायचे, असे की दूर उभ्या केलेल्या मोजपट्टीचा जेवढा भाग त्यांच्यामध्ये दिसेल त्याच्या शंभरपट अंतर असावे. पट्टीवर सव्वा मीटर दिसले की अंतर सव्वाशे मीटर. वाफेच्या इंजिनाने प्रसिद्ध झालेल्या जेम्स वॉटने १७७१ मध्ये मोजणीसाठी ही युक्ती वापरली. आजही रस्त्याच्या कामावर तिकाटण्यावरचा थिओडोलाइट दिसला, तर त्याच्या भिंगात डोकावून पाहा. मधल्या फुलीच्या वरखाली दोन आखूड रेघा दिसतील.

हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी ह्याच बारीक रेषेवर उभी आहे. कर्नल लँबटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढविला. १८०८ मध्ये तंजावरला दोर तुटून तो देवळावर आपटला आणि त्याचे चक्र वाकले. लँबटन कारागिरांना घेऊन कित्येक आठवडे ते हातोड्यांनी सरळ करीत बसला. हा लँबटन १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला आणि त्याचे थडगे तेथेच आहे. हिंगणघाट म्हटले की मला आजवर कापसाच्या गिरण्याच आठवत.

पण ह्या कथेत माझ्या जवळचा माणूस लँबटन नव्हे. तो आहे अर्काटचा सय्यद मीर मोहसीन हुसेन. जवाहिऱ्याच्या कामात हात बसलेला हा कारागीर मोजणी खात्याची उपकरणे दुरुस्त करू लागला. विलायतेहून आणलेला उपकरणकार हेन्री बॅरो निघून गेला, तेव्हा त्याच्या जागी कोणाला नेमावे असा प्रश्न पडला. सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्टने मोहसीन हुसेनचे नाव लावून धरले आणि १८४३ मध्ये कंपनी सरकारने ‘मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट मेकर’ हे पद त्याला दिले. ज्या एव्हरेस्टचे नाव शिखराला लागले, त्याच्या दुर्बिणी ह्या माणसाच्या बोटांवर चालत होत्या. केसापेक्षा बारीक धागा काट्यावर गुंडाळायचा, श्वास रोखून चौकटीवर आडवा ताणायचा, लाखेच्या थेंबाने टोके बसवायची, आणि दमट हवेत तो सैल पडला की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातल्या उत्तम उपकरणांत कोळ्याचा धागाच ताणला जात होता. त्यापुढे काचेवर कोरलेल्या रेषांनी त्याची जागा घेतली. काच कोरायला जे आम्ल लागते ते हाडापर्यंत जाळीत जाते. पण ते वेगळे व्याख्यान होईल.

रेषेची जाडी ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे. तिच्यापायी काय होते ते मी एका कारखान्यात पाहिले. कारखान्याचे नाव येथे नको. लहान पुर्जे प्रोजेक्टरच्या पडद्यावर दहापट मोठे करून तपासले जात आणि पडद्यावरच्या फुलीशी जुळवून पास-नापास ठरे. रात्रपाळीच्या कामगारांचे पुर्जे सारखे नापास होऊ लागले आणि तुकड्यावरची मजुरी कापली जाऊ लागली. आम्ही चौकशी केली, तेव्हा कळले की दिवसपाळीचा तपासनीस रेषेच्या आतल्या कडेने वाचतो आणि रात्रपाळीचा बाहेरच्या. पडद्यावरची रेषा दोन दशांश मिलिमीटर जाड, म्हणजे पुर्ज्यावर दोन शतांश मिलिमीटर. आणि पुर्ज्यात चालणारी चूकही तेवढीच! कामगारांची सारी मजुरी त्या रेषेच्या जाडीत अडकली होती. करारात एक ओळ घालून घेतली, की मापन रेषेच्या डाव्या कडेनेच व्हावे. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लहान मागणी होती आणि तीन महिने लागले.

आता बंदुकीकडे वळू. १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्याला जी एन्फील्ड ठाऊक आहे, तिच्या नळीत पीळ होता आणि मागच्या शिडीवर नऊशे यार्डांपर्यंत आकडे कोरलेले होते. गोळी आता तेवढ्या लांब नेमकी जाऊ शकत होती. पण समोरचा माणूस सहाशे यार्डांवर आहे की सातशे, हे शिपायाने ठरवायचे कसे? इंग्लंडात हाइथ येथे १८५३ मध्ये बंदूकशाळा निघाली; तेथे शिपायांना अंतर ओळखण्याचे वेगळे धडे द्यावे लागत. अमेरिकेच्या यादवी युद्धात काही बंदुकांवर नळीएवढ्या लांब दुर्बिणी आल्या. त्यांच्या आत साधी फुली. १९१४ च्या महायुद्धात जर्मनांनी शिकारी दुर्बिणी सैन्यात आणल्या आणि ब्रिटिशांची फजिती झाली, कारण उत्तम काच त्यांना बहुतेक जर्मनीहूनच विकत घ्यावी लागत होती. जर्मन दुर्बिणीत बारीक फुली नव्हती. खालून एक जाड टोकदार खांब आणि दोन बाजूंनी दोन जाड दांडे. शिकारी माणूस संधिप्रकाशात नेम धरतो. त्या वेळी बारीक धागा काळ्या पार्श्वभूमीत नाहीसा होतो, जाड खांब होत नाही. पण तोच खांब हजार पावलांवरचे निशाण पुरते झाकून टाकतो. फुली निवडण्याचा सारा प्रश्न ह्या एका पेचात आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत बाहेरून जाड आणि मध्यावर बारीक अशी फुली लोकप्रिय झाली, ती ह्याच पेचातली तडजोड होती.

लांबच्या नेमात दुसरी अडचण गोळीच्या पडण्याची. शंभर मीटरवर जुळवलेली नेहमीची ७.६२ मिलिमीटरची रायफल घेतली, तर पाचशे मीटरवर गोळी नेमाच्या रेषेच्या जवळजवळ माणसाच्या उंचीइतकी खाली जाते आणि हजार मीटरवर दहा मीटरांहून अधिक. त्या टप्प्यात अंतराच्या अंदाजात पन्नास मीटरांची चूक झाली, तर गोळी मीटरभर वर किंवा खाली लागते. म्हणून फुलीने नेमाबरोबर अंतरही सांगावे, अशी गरज पडली. आणि मोजणीदारांच्या वरखाली रेघा बंदुकीत आल्या.

त्यांचे माप ‘मिल’. हजार मीटरवरची एक मीटर उंचीची वस्तू जेवढा कोन करते तो एक मिल. गणित सोपे आहे : वस्तूची उंची मीटरात घ्या, हजाराने गुणा, जेवढे मिल दिसतात त्यांनी भागा. एक मीटर सत्तर सेंटिमीटर उंचीचा माणूस दोन मिल दिसला तर तो साडेआठशे मीटरवर आहे. पण दोनऐवजी एक पूर्णांक नऊ वाचले, तर उत्तर येते आठशे पंचाण्णव. मिलच्या दहाव्या हिश्शाची चूक आणि पंचेचाळीस मीटरांचा फरक! समोरचा माणूस मुळात एक मीटर साठ सेंटिमीटरचा असेल, तर तो आठशेवरच आहे. रशियाने १९६३ मध्ये स्वीकारलेल्या द्रागुनोव्ह रायफलीच्या दुर्बिणीत हे गणित आधीच करून ठेवलेले आहे. खाली एक वक्र रेषा असते. माणसाचे पाय तळरेषेवर टेकवायचे आणि डोके वक्र रेषेला जेथे लागेल तेथला आकडा वाचायचा. तो आकडा म्हणजे शेकड्यांत अंतर. ही रायफल आपल्या लष्करानेही दीर्घकाळ वापरली आहे. रेषा आखणाऱ्याने माणसाची उंची एक मीटर सत्तर धरली आहे. मोजणीदाराची पट्टी काढून तिच्या जागी माणूस उभा केला, एवढाच त्या दोन उपकरणांत फरक. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही, हे येथे सांगतो आणि पुढे जातो.

मग आज लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी फुली निवडणाऱ्याने काय पाहावे? पहिली गोष्ट, फुली नळीत कोठे बसविली आहे. कमीजास्त मोठे करून दाखविणाऱ्या दुर्बिणीत ती पुढच्या प्रतिमेच्या जागी असली, तर निशाणाबरोबर तीही वाढते आणि मिल प्रत्येक वेळी खरा राहतो. मात्र थोडे मोठे केले असता ती इतकी बारीक होते की दिसत नाही. मागच्या जागी असली तर तिची जाडी सारखी राहते. पण मिल एकाच ठरावीक मोठेपणाला खरा. सोळापटीला खरी असलेली दुर्बीण आठपटीला फिरविली, की एका मिलच्या खुणेत दोन मिल बसतात. हे विसरणाऱ्याची गोळी कोठे जाईल ते सांगायला नको. दुसरी गोष्ट वारा. आडवा वारा ताशी पंधरा किलोमीटर असला, आणि वसईच्या किनाऱ्यावर ह्याला कोणी वारा म्हणणार नाही, तरी हजार मीटरवर गोळी दोन-तीन मीटर वाहून जाते. म्हणून अलीकडे फुलीच्या खाली झाडाच्या फांद्यांसारख्या रुंदावत जाणाऱ्या खुणा कोरतात. उंची आणि वारा दोन्ही तेथेच धरता येतात. ज्याचे अंतर पळापळाला बदलते त्याला हे झाड उपयोगी. एकाच अंतरावर, एकाच कागदावर गोळ्या मारणाऱ्याला त्याची अडचणच होते. त्याने बारीक फुली आणि मध्यावर एक ठिपका घ्यावा व बाकीचे काम चकत्या फिरवून करावे. दुकानात सर्वांत जास्त रेषांची दुर्बीण सर्वांत चांगली म्हणून दाखवितात. माझ्या मते प्रत्येक रेषेने निशाणाचा काही भाग झाकला आहे, हे आधी मोजावे आणि मग ती रेषा कशासाठी हवी ते स्वतःला विचारावे.

ही काच आपल्या देशातही घडते. १८३० मध्ये कलकत्त्याला मोजणीच्या उपकरणांचे जे कार्यालय सुरू झाले त्याच परंपरेत पुढे, १९४३ मध्ये, डेहराडूनला प्रकाशीय उपकरणांचा सरकारी कारखाना उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातले एकेचाळीस आयुधनिर्माण कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले; डेहराडूनचे काम ‘इंडिया ऑप्टेल लिमिटेड’कडे आले. कामगार संघटनांचा ह्याला विरोध होता, आणि त्याच वर्षी संरक्षण उत्पादनातल्या संपावर बंदी घालता येईल असा कायदाही संसदेने केला. रेषा कोरणाऱ्याच्या बोटांना दुर्बिणीत जागा आहे, तिच्या कारभारात किती आहे, हा प्रश्न मोहसीन हुसेनच्या वेळेपासून चालत आला आहे.

शेवटी दुर्बिणीशिवायच्या नेमाविषयी थोडे. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे एक कडे. कड्यात काळे वर्तुळ मध्यभागी बसवायचे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविले ते असेच. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक घेतले. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, आणि हे सांगताना एका जुन्या कामगार कार्यकर्त्याचा ऊर भरून येतो, ह्याबद्दल आपण मला क्षमा कराल. ह्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे पन्नास मीटरवर मिलचा जेमतेम पाचवा भाग. फुली निवडण्याचा पेच ह्या खेळाडूंनाही चुकत नाही, कारण पुढचे कडे वेगवेगळ्या मापांचे मिळते. अरुंद घेतले तर काळ्या वर्तुळाभोवतीचा पांढरा पट्टा इतका बारीक होतो की ते जरा हलताच पट्टा एका बाजूला तुटतो आणि डोळा लवकर थकतो. रुंद घेतले तर पट्टा स्वच्छ दिसतो, पण मध्य कोठे ते नक्की कळत नाही. उजेड कमी झाला की बहुतेक जण एक माप वरचे कडे लावतात. कित्येक नेमबाज निरनिराळ्या मापांची कडी एका डबीत जवळ बाळगतात, आणि ढग आला की खेळ थांबवून ती डबी उघडतात.